पिवळ्या दोऱ्याचे तीन वेढे

मावसबहीण वैशालीचा फोन आला तेव्हा मी साठेसाहेबांच्या केबिनमध्ये उभा होतो. "दादा, आई गेली रे... सकाळी चहा ठेवला आणि तिथेच बसली," एवढंच ती बोलू शकली. फोन खाली घेताना माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मावशी गेली." साहेब तसे मायाळू. चष्मा काढून म्हणाले, "अरेरे! तुमच्याकडे कामाला यायच्या, त्या का?" यात साहेबांची काही चूक नाही. आपल्याकडे धुणंभांडं करणारी मावशी, भाजीवाली मावशी, रस्त्यात पत्ता सांगणारी अनोळखी बाईसुद्धा मावशीच. पण मला सख्खी मावशी आहे, वसईजवळ गास गावात राहते, हे मी या माणसाला तीन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर तिच्या हातच्या बारा माशा काचेच्या चौकटीत बसल्या होत्या, खाली पितळी पट्टीवर माझं नाव कोरलेलं. मी "नाही साहेब, सख्खी," म्हणालो आणि निघालो. या गोष्टीला आता दीड महिना होईल. तेव्हापासून हे लिहायचं टाळतो आहे.

माशा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. गळाच्या आकड्यावर पिसं, केस, जर आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, ती माशी. परदेशातले हौशी लोक खरं आमिष न लावता अशा माशीवर मासे पकडतात. मी शाळेत होतो तेव्हा गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात या माशा बांधून बाहेर पाठवायचा धंदा चालायचा. रांगेत बायका बसलेल्या, प्रत्येकीसमोर टेबलाला कसलेला बोटाएवढा वाइस नावाचा चिमटा, वाइसच्या ओठांत गळ. त्यात शालूमावशी. माशांची इंग्रजी नावं त्या बायकांच्या जिभेवर काही बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती : नवरी, मळकी, झिपरी. नवरीला सोनेरी जर, मळकीला मोरपिसाचा धागा, झिपरीला कोंबड्याच्या मानेचं पीस. कुणाची माशी सुटली ते कळावं म्हणून प्रत्येकीला एक रंग नेमून दिला होता. शेवटची गाठ मारायच्या आधी त्या रंगाच्या दोऱ्याचे तीन वेढे घ्यायचे, मग गाठ, मग वरून रोगण. मावशीचा रंग पिवळा, हळदीसारखा.

आई माझी लवकर गेली. माय मरो पण मावशी जगो, असं लोक सहज म्हणून जातात, मी मात्र त्या म्हणीच्या जिवावर वाढलो. गासच्या घरात मला आणि वैशालीला एकाच ताटात वाढलेलं मला आठवतं. मावशीचे यजमानही लवकर गेलेले. सकाळी वाडीतली केळी, भाजी बघायची, मग गोखिवऱ्याला जायचं, असा तिचा दिवस. एकदा वर्गात आपल्या घरच्या माणसांविषयी बोलायचं होतं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "माझी मावशी कंपनीत माशा बांधते." वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बांधते की मारते?" आणि सरही हसले. मी घरी येऊन दप्तर भिरकावलं. मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांग त्यांना, मारनं सोपं असतं. बांधून दाखवा म्हनावं." तिच्यापुरता विषय तिथे संपला. माझ्यापुरता नाही संपला. मी पहिल्यापासून नाकावर माशी बसू न देणारा... त्या दिवसानंतर मावशी काय काम करते हे मी बाहेर कुणाला सांगितलं नाही.

पुढे गाळा बंद झाला. बायकांनी उरलंसुरलं सामान वाटून घेतलं, मावशीनं आपला वाइस घरी आणला आणि खिडकीपाशी शिवणयंत्राच्या फळीला कसला. कुणी मागत नव्हतं तरी ती बांधत राहिली. आता पिसं शेजारच्या कोंबड्याची, जर जुन्या साडीची. पिवळ्या दोऱ्याचे तीन वेढे मात्र घ्यायचीच. मी एकदा म्हटलं, "अगं, आता कोण तपासायला येणार आहे?" तर म्हणाली, "मी हाय ना." या इतक्या वर्षांत तिनं किती माशा बांधल्या असतील याचा मी अंदाजही करू शकत नाही, पण त्यांतली एकही माशाच्या तोंडात गेलेली तिनं पाहिली नव्हती. तिची तेवढी एकच हौस होती. मी गेलो की हमखास निघायचं, "नित्या, एक डाव मासा लागताना बघायचाय रे मला. ही खोटी माशी तो खरी समजून खातो का, का हे लोक आपल्याला येडं बनवत होते?" मी म्हणायचो, "नेतो ना, पुढच्या रविवारी." माझे ते पुढचे रविवार कॅलेंडरवर कधी छापलेच गेले नाहीत.

मग माझी बदली साठेसाहेबांच्या हाताखाली झाली. साहेबांना गळाची जबर हौस. केबिनमध्ये त्यांचे हातात मासा धरलेले फोटो. धरणावर जायचे, समुद्रावर जायचे, मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. नव्या साहेबांवर छाप पडावी म्हणून मी एक दिवस मावशीची नवरी खिशात घालून नेली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती भिंगाखाली धरली. बराच वेळ बघत राहिले. "कुठून मिळवलीस ही? कुणी बांधली?" खरं उत्तर अगदी साधं होतं. माझी मावशी, गोखिवऱ्याच्या गाळ्यात रोजावर होती, तिनं. एवढं वाक्य मला बोलता आलं असतं. पण मला तो वर्ग आठवला, ते हसू आठवलं, आणि मी म्हणालो, "मीच बांधतो साहेब. छंद आहे." इतकं सोपं गेलं ते. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर माझं त्यांच्याबरोबर उठणंबसणं वाढलं, आणि मी दर महिन्याला गासला जाऊन मावशीला सांगू लागलो, "साहेबांना फार आवडल्या गं, भिंग लावून बघतात, अजून चार दे." तिला वाटायचं, साहेबांना तिचं नाव ठाऊक आहे. "त्यांना म्हनावं, मानेचं पीस आता चांगलं मिळत नाय, सांभाळून घ्या," असा निरोपही पाठवायची. मी "सांगतो" म्हणायचो.

एकदा साहेब म्हणाले, तुमच्या वसईच्या खाडीत जिताडा लागतो म्हणतात, त्याच्यासाठी काहीतरी बांध. हे गाळ्यातलं काम नव्हतं, याचा नमुना कुणी दिलेला नव्हता. मावशीला सांगितलं तर तिचे डोळे चमकले. लहानपणी ती बांधावर कोळंबी धरायला जायची. म्हणाली, "जिताड्याला कोलंबी. पन कोलंबी पुढं पोहत नाय, घाबरली का मागं उडते. तशी बांधायला पायजे." तिनं तीन दिवस खपून फिक्या गुलाबी दोऱ्याची, मिशा मागे वळलेली एक कोळंबी बांधली. मोतीबिंदू पिकत आलेला, सुईत दोरा वैशाली ओवून द्यायची, तरी बांधली. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "ही जेव्हा टाकाल ना, तेव्हा मला ने." रविवार ठरला होता. मी तिला सांगितला नाही.

पण गाव लहान. नितीन त्याच्या साहेबांना घेऊन बांधावर आलाय, हे कुणीतरी तिला सांगितलंच. भरती चढत होती, उघाडीच्या तोंडाशी, जिथून खाडीचं पाणी शेताकडे शिरतं तिथे, साहेब माशी फेकत होते. त्यांच्या डबीतल्या बाहेरून मागवलेल्या माशांना जिताड्यानं विचारलंही नव्हतं. शेवटी त्यांनी कोळंबी लावली. तेवढ्यात मला बांधावरून मावशी येताना दिसली. डोक्यावर पदर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा. बांध ओला होता, ती जपून पावलं टाकत येत होती आणि लांबूनच हसत होती. आयुष्यभर मी तिला "अगं मावशी" म्हणत आलो. त्या दिवशी मी पुढे झालो आणि म्हणालो, "अहो मावशी, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. तिला एका 'तुम्ही'त सगळं कळलं, तेवढी शहाणी होतीच ती. साहेबांनी विचारलं, "कोण रे?" मी म्हणालो, "इथे जवळच राहतात." साहेबांनी हसून "या मावशी, बघा गंमत," म्हणून तिला शेजारी जागा करून दिली. मी दिली नव्हती, त्यांनी दिली. आणि चौथ्या की पाचव्या फेकीला पाणी फाटलं, रीळ करकरलं, साहेब ओरडले, "लागला!" जिताडा दोनदा हवेत उडाला. मी माशाकडे बघत नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. तिनं डबा खाली ठेवला होता आणि दोन्ही हात तोंडावर धरले होते, लहान मुलीसारखे. मासा काठाला आल्यावर साहेबांनी त्याच्या जबड्यातून कोळंबी सोडवली आणि तिच्यासमोर धरून म्हणाले, "बघितलंत? ही या पोरानं स्वतः बांधली आहे." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही बांधली काय? छान बांधलीत हो," असं म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मग साहेबांनी मासा पाण्यात सोडला तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "अरे देवा, सोडला? एवढ्या मोठ्याचं कालवन झालं असतं!" साहेब पोट धरून हसले. तिच्या डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि भरलं वांगं आम्ही तिघांनी बांधावर बसून खाल्लं. नाही, दोघांनी. ती "घरी काम हाय" म्हणून निघून गेली होती.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा ती पुन्हा "नित्या" म्हणाली, चहा दिला, त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही. जाताना तिनंच तीन माशा पुढे केल्या, "साहेबांना दे." मी निर्लज्जासारख्या घेतल्या आणि दिल्या. साहेबांनी नेहमीप्रमाणे भिंग लावलं आणि म्हणाले, "पिवळा दोरा सोडलास वाटतं?" मी म्हणालो, "हो, आता नको वाटतो." खरं तर मी ते पाहिलंही नव्हतं. दिवाळीला त्यांनी आधीच्यांतल्या निवडक नऊ आणि या तीन अशा बारा माशांची ती चौकट करून घेतली.

तेराव्यानंतर वैशालीनं मावशीचा बिस्किटाचा डबा माझ्यासमोर ठेवला. "यातल्या तुझ्या साहेबांसाठी बांधून ठेवलेल्या, घेऊन जा." मी झाकण उघडलं. पंधरा-वीस माशा असतील, नवऱ्या, मळक्या, दोन कोळंब्या. एकीवरही पिवळा दोरा नव्हता. डब्याच्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याचं रीळ मात्र होतं. वैशाली म्हणाली, "मी विचारलं होतं तिला, पिवळा का लावत नाही म्हणून. तर म्हणते, साहेब भिंग लावून बघतात, एक दिवस त्यांना कलंल, हा दुसऱ्या कोनाचा हात हाय. नित्याला अडचन होईल... कसली अडचण रे दादा?" मी तिच्याकडे पाणी मागितलं. वैशाली आतून पाणी घेऊन आली, तोवर मी रडत होतो. तिला वाटलं, मावशीसाठी रडतोय.

कामावर गेलो त्या पहिल्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "साहेब, या माशा माझ्या नाहीत. मला साधी गाठही येत नाही. माझ्या मावशीच्या आहेत, जी गेली तिच्या." त्यांनी मान वळवून चौकटीकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग हळूच विचारलं, "त्यांनी कधी मासा लागताना पाहिला का रे?" म्हणालो, "पाहिला. तुमच्या शेजारीच उभी होती. डबा घेऊन आली होती ती..." साहेबांनी चष्मा काढला. "त्या मावशी?" "हो साहेब. माझी मावशी." त्यांनी उठून चौकट भिंतीवरून उतरवली आणि माझ्या हातात दिली. माझ्याशी ते आता कामापुरतं बोलतात, आणि ते बरोबरच आहे.

चौकट मी गासला नेली. वैशालीलाही सगळं सांगितलं. ती ऐकून आत गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. पितळी पट्टी मी तिथेच उचकटून काढली. खिडकीपाशी मावशीचा वाइस अजून तसाच कसलेला आहे, फळीवर तिच्या कोपराची झीज आहे. मी काच काढली, बिनदोऱ्याच्या तीन माशांतली एक त्या वाइसमध्ये धरली आणि डब्यातल्या रिळाचा पिवळा दोरा तिच्या मानेशी गुंडाळायला लागलो. एक वेढा, दोन, तीन. हात सोडला की दोरा रोगणावरून घसरून खाली यायचा. चार-पाचदा करून पाहिलं. दाराशी वैशाली कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. म्हणाली, "तसा नाही बसायचा, दादा. तो गाठ मारायच्या आधी घ्यायचा असतो."