वीस नखांचा खंड्या

सौदीत, अल खोबरला, मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आल्यावर तुळसाबाईंना सगळ्यात नवल वाटलं ते दाराचं. लांज्याकडच्या त्यांच्या घराला कडी होती, पण ती लागायची ती मांजरानं दुधाला तोंड लावू नये म्हणून. माणसासाठी दार बंद करायचं असतं, हे त्यांना साठी उलटून गेल्यावर समजलं. इथलं दार एकदा बाहेरून किल्ली फिरवली की आतूनही किल्लीशिवाय उघडत नसे.

नवरा वारल्यावर आईनं एकटं राहू नये म्हणून गुरुनाथनं त्यांना ज्येष्ठात बोलावून घेतलं होतं. गणपतीला परत जायचं, असं ठरलेलं. पण मुदत वाढवायला दिलेला पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या अरब मालकाच्या, कचेरीत जाऊन बसला, तेवढ्यात शेजारच्या कुवेतवर इराकचं सैन्य चालून आलं आणि सगळंच थांबलं. सून शालिनी इस्पितळात नर्स होती, तिची रजा बंद. गुरुनाथ गोऱ्या लोकांच्या कंपाऊंडमध्ये एसी मेकॅनिक, त्यालाही सुटी नाही. गणपती गेले, दसरा आला, म्हातारी तिथेच.

दाराला कुलूप लागलं ते दसऱ्यानंतर, आणि खरं सांगायचं तर त्याला कारणही तसंच घडलं. तुळसाबाईंचे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात, डब्यांच्या मागे असत. पूजा चोरून करायची, घंटा वाजवायची नाही, हे त्यांनी मुकाट्यानं मानलं. पण निर्माल्य? ते कचऱ्याच्या पिशवीत टाकायला त्यांचा हात होईना. आठवडाभराची कापसाची वस्त्रं, अक्षता, सुकलेला गजरा असं सगळं कागदात बांधून एका सकाळी त्या झाड शोधायला खाली उतरल्या. अंगात बुरखा नाही, डोक्यावर पदर नाही, कपाळाला ठसठशीत बुक्का. चालत चालत त्यांना कडुनिंबाचं झाड सापडलं. बिचाऱ्यांनी हात जोडून पुडी बुंध्याशी ठेवली. झाड मशिदीच्या फाटकाला लागून होतं.

समोरच्या मलबारी शिंप्यानं पाहिलं म्हणून निभावलं. त्यानं पुडी उचलून खिशात कोंबली आणि "अम्मा, घर चलो, जल्दी" म्हणत त्यांना दारापर्यंत आणून सोडलं.

संध्याकाळी गुरुनाथ ओरडला नाही. तो भिंतीला टेकून खालीच बसला. "आई, कुणी बघितलं असतं तर आम्हा दोघांना उचलून नेलं असतं. तुला कुठे ठेवलं असतं तेही कळलं नसतं."

दुसऱ्या दिवसापासून तो जाताना बाहेरून कुलूप लावू लागला. किल्ली दोनदा फिरायची, खट्ट, खट्ट. तुळसाबाई आतून ऐकत. पोराचं चुकत नव्हतं, तेच तर अवघड होतं. चुकत असतं तर भांडता आलं असतं.

संक्रांत झाली आणि युद्ध सुरू झालं. गुरुनाथनं आतल्या खोलीच्या खिडकीला जाड प्लास्टिक लावून कडेनं खाकी पट्टी चिकटवली. धोक्याचा भोंगा झाला की आत जायचं, दाराच्या फटीत ओला टॉवेल सारायचा, पट्टी लावायची, तोंडावर विषारी वायूपासून वाचवणारा रबरी मुखवटा चढवायचा आणि दुसरा भोंगा होईपर्यंत हलायचं नाही. शालिनीनं इस्पितळात मिळालेला आपला मुखवटा सासूला दिला होता. त्याचा पट्टा अंबाड्यात अडकायचा. एका दुपारी भोंगा झाला तेव्हा तुळसाबाई घरात एकट्या होत्या. त्या आत बसल्या, रामरक्षा म्हणू लागल्या, आणि मुखवट्यात आपलाच आवाज आपल्याला असा ऐकू येऊ लागला की जणू कुणीतरी आडात पडून हाका मारतंय. कुलपाआड घर, घराआड खोली, खोलीआड मुखवटा. त्या दिवसापासून त्यांच्या ताटातली भाकरी उरू लागली. बोलणंही तुटलं.

"त्यांना सोबत हवी," शालिनी नवऱ्याला म्हणाली. "अशानं त्या जायच्या हो."

सोबत कुठून आणणार? पण गुरुनाथच्या कंपाऊंडमधले गोरे लोक घाईघाईनं मायदेशी पळाले होते आणि त्यांची कुत्री मागे राहिली होती. गुरुनाथच त्यांना दाणापाणी करत असे. "एक मॅडम मला सांगून गेली होती," तो आईला म्हणाला, "वयस्कर माणसाला कुत्रं द्यायचं तर कसं द्यावं. उचलायला हलकं हवं. ओढ काढणारं नको, नाहीतर माणूस तोंडघशी पडतं. पायात घोटाळणारं नको. दिवसभर शेजारी पडून राहील असं हवं."

"माझ्यावर राखण आणतोस?" कितीतरी दिवसांनी तुळसाबाई पुरं वाक्य बोलल्या. "कुलूप कमी पडलं वाटतं."

गुरुनाथचं तोंड एवढंसं झालं. पण शालिनीनं बोलता बोलता म्हटलं, "आई, तुम्हीच चला ना शुक्रवारी. तुम्ही निवडा." आणि तुळसाबाईंच्या ध्यानात आलं की निवडायला जायचं म्हणजे बाहेर जायचं. त्या लगेच हो म्हणाल्या.

शुक्रवारी काळा बुरखा चढवून त्या गुरुनाथच्या गाडीत बसल्या. रस्ते ओस होते. पण उन्हाला वास होता, वाऱ्याला समुद्राचा खारेपणा होता. त्या काचेला नाक लावून बसल्या होत्या, लहान पोरीसारख्या.

कंपाऊंडमधल्या रिकाम्या बंगल्याच्या अंगणात गुरुनाथनं तीन कुत्री पुढे आणली. पहिलं पेकिनीज, चपट्या तोंडाचं, केस जमिनीला टेकलेले.

"याचं नाक कुणी दारात चेंगरलं?"

"जातच तशी असते, आई. हेच घेऊ आपण. धावत नाही, भुंकत नाही, मांडीवर झोपतं. मुख्य म्हणजे न्हाणीघरात पेपर टाकला की त्यावरच सगळं उरकतं. बाहेर न्यायला नको."

तुळसाबाईंनी पेकिनीजकडे पाहिलं. ते पायरीवर पसरलं होतं आणि अर्ध्या डोळ्यांनी जगाकडे बघत होतं. जाळीचं दार उघडंच होतं, तरी तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

दुसरं पॉमेरेनियन, पांढरंशुभ्र. "कापसाचा बोळा नुसता. पण बोलतंय बघ कसं, ग्रामसभेत सरपंच बोलावा तसं."

"ते नकोच. खाली घरमालक राहतो. एकदा भुंकलं की खलास."

तिसरं लांबलचक, तपकिरी, वीतभर पायांचं. त्याला डॅशहुंड म्हणतात, असं गुरुनाथ म्हणाला. ते ना धड मांडीवर येत होतं, ना भुंकत होतं. आता ओढून घेतलेल्या जाळीच्या दारापाशी बसून पुढच्या पंजानं एकसारखं खरवडत होतं. थांबायचं, मागे वळून माणसांकडे बघायचं, पुन्हा खरवडायचं.

"ह्याचं काय दुखतंय?"

"त्याला बाहेर जायचं असतं. घरात घाण करतच नाही लबाड. जीव गेला तरी आत मुतणार नाही. म्हणून तर ते आपल्याला नको."

तुळसाबाई खाली बसल्या. त्यांनी कुत्र्याला जवळ ओढलं, एकेक पंजा हातात घेऊन ओठ हलवत नखं मोजली. गावाकडे पिल्लू घेताना म्हातारी माणसं मोजतात तशीच. साध्या कुत्र्याला अठरा नखं. वीस भरली तर ते वीसनखी, वाघाला न भिणारं, घराला यश देणारं.

"वीस," त्या म्हणाल्या. "हेच न्यायचं."

"आई, पण ते—"

"वीसनखी दारातून परत पाठवू नये. तुझे बाबा असते तर त्यांनीही हेच नेलं असतं."

गुरुनाथनं गाडीचं मागचं दार उघडलं. वडलांचं नाव आलं की तो ऐके, हे आईला चांगलं ठाऊक होतं.

घरी आल्यावर कुत्र्याचं नाव खंड्या झालं. गुरुनाथनं न्हाणीघरात पेपर अंथरला. खंड्यानं तो हुंगला आणि येऊन बाहेरच्या दाराशी बसला. खर्र, खर्र. दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं, दुपार झाली, संध्याकाळ झाली. खंड्या दारातून हलेना. अंग थरथरत होतं. तुळसाबाई त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. एका हातात जपमाळ, दुसरा त्याच्या पाठीवर. "थोडं सोस रे बाबा," त्या पुटपुटत होत्या.  आपल्या कामासाठी मुक्या जिवाला तिष्ठत ठेवलंय, हे त्या जाणून होत्या.

दार उघडल्याबरोबर खंड्या जिन्यातून बाणासारखा गच्चीकडे सुटला. गुरुनाथ धापा टाकत मागे.

ते दोघं परत आल्यावर शालिनीनं पर्समधली आपली किल्ली काढून सासूच्या हातावर ठेवली. "फक्त गच्चीवर जायचं आई. बुरखा घालून. खाली नाही उतरायचं."

"शालिनी!" गुरुनाथ म्हणाला.

"मग रोज दुपारी तुम्ही येणार आहात का त्याला न्यायला?"

तुळसाबाईंनी मूठ मिटली. पितळी, बोटभर किल्ली. मंगळसूत्र उतरल्यापासून मोकळ्या असलेल्या गळ्यात त्यांनी ती काळ्या दोऱ्यात ओवून घातली.

गच्चीवरून समुद्राची निळी रेघ दिसे. एका कोपऱ्यात गुरुनाथनं वाळूचं घमेलं ठेवलं. दुसऱ्या कोपऱ्यात तुळसाबाईंनी फुटक्या बादलीत माती भरली, आणि निर्माल्याला अखेर जागा मिळाली. समोरच्या घरातली अमिरुन्निसा तिथे कपडे वाळत घालायला येई. दापोलीकडची, त्यांच्याच वयाची. तिचा नवरा इब्राहीम बंदरावर कामाला होता आणि चार-चार दिवस घरी येत नसे. समोर ती राहायला आली दसऱ्यानंतर, तेव्हापासून त्या दोघी बंद दाराच्या दोन बाजूंनी अधूनमधून चार शब्द बोलत. एकमेकींचं तोंड पहिल्यांदाच नीट दिसलं.

"अगो तुळसाबाय, मला वाटलं तू माझ्यापेक्षा म्हातारी असशील!"

"दाराआडून सगळ्याच म्हाताऱ्या वाटतात, अमिरुनबी."

"हे काय धरून आणलंस? कुत्रं की सरपटणारी काकडी? माझ्या नमाजच्या कपड्यांना त्याचं ओलं नाक लागू देऊ नकोस हां. बाकी माझं काय नाय. तोही अल्लानंच केलेला जीव."

"वीसनखी आहे," तुळसाबाई म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

माघ संपत आला तरी युद्ध चालूच होतं. एका संध्याकाळी शालिनी ड्यूटीवर, गुरुनाथ कामावर, आणि भोंगा झाला. वाघाला न भिणारा खंड्या सरळ कॉटखाली शिरला. तुळसाबाई खोलीत शिरल्या, टॉवेल भिजवला, पट्टीचं टोक नखानं सोडवलं. तेवढ्यात समोरच्या घरातून हाक ऐकू आली. "तुळसाबाय! गो, मी एकटीच आहे!"

दूर कुठेतरी दणका बसला. भिंतीतून तो पायांत आला. खिडकीचं प्लास्टिक फुगलं आणि बसलं.

तुळसाबाईंनी पट्टी तिथेच टाकली. कॉटखालून खंड्याला ओढून काखेत मारलं, गळ्यातली किल्ली काढली आणि दार उघडलं. अमिरुन्निसा आपल्या उंबऱ्यात उभी होती. मुखवटा हातात, तिला तो घालताच येत नव्हता. खोलीत परत जायला तुळसाबाईंचे पाय तयार होईनात. दोघी गच्चीकडच्या जिन्याच्या वळणावर बसल्या, जिथे खिडकी नव्हती. एक रामरक्षा म्हणत होती, दुसरी कुराणातली आयतुल कुर्सी. मध्ये खंड्या. अमिरुन्निसानं आपले कपडे एका हातानं आवरून धरले होते आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या पट्ट्यात घट्ट अडकवलं होतं.

गुरुनाथ आला तेव्हा घर सताड उघडं होतं. खोली रिकामी, पट्टी लोंबत होती. "आई!" अशी त्याची हाक जिन्याच्या वळणावर ऐकू आली ती तुळसाबाई पुढे कधी विसरल्या नाहीत. सहा वर्षांचा असताना तो जत्रेत चुकला होता, तेव्हाची हाक होती ती.

पण माणूस सापडलं की भीतीचा राग होतो. ड्यूटीवरून परतलेली शालिनी अमिरुन्निसाला घरी सोडून आली तोवर तो उभा-आडवा पेटला होता. "विषारी वायू असता तर? बजावून सांगितलं होतं, हलायचं नाही! आण ती किल्ली. आणि हे कुत्रं उद्याच परत जाणार."

तुळसाबाईंनी दोरा गळ्यातून काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तावातावानं खंड्याला उचललं. उचलताना पंजे हातात आले. त्यानं एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"आई, ही अठराच आहेत."

शालिनी पुढे आली. तिनंही मोजली. अठरा.

"मोजताना चुकली असशील," गुरुनाथ जरा नरमून म्हणाला. आई खोटं बोलल्याचं त्याला आठवतच नव्हतं. उपासाला चुकून बडीशेप तोंडात गेली तरी सांगून टाकणारी बाई.

"चुकले नाही. तेव्हाच अठरा भरली होती." तुळसाबाईंचा आवाज बारीक झाला. "ते दार खरवडत होतं ना. म्हटलं, ह्याला घेतलं की दार उघडावं लागेल. खोटं बोलले त्याबद्दल रोज देवापुढे नाक घासते. पण किल्ली दे म्हणून तुझ्यापुढे तोंड उघडेना. तू आमच्या भल्यासाठीच करत होतास."

 खंड्या खाली उतरून आपल्या दाराशी जाऊन बसला.

शालिनी हळूच म्हणाली, "अहो, आज तो बॉम्ब आपल्या इमारतीवर पडला असता आणि किल्ली तुमच्या खिशात असती तर?"

 किल्ली मुठीत धरून गुरुनाथ खिडकीच्या प्लास्टिककडे बघत राहिला, ज्यातून काहीच दिसत नव्हतं.

सकाळी तुळसाबाई कपाटासमोर पूजेला बसल्या. मागे गुरुनाथची डबा घेण्याची खुडबुड, बुटांचा आवाज, मग दार ओढल्याचा आवाज. त्या डोळे मिटून वाट बघत राहिल्या, खट्ट, खट्टची. बूट जिना उतरू लागले. एक मजला, दुसरा मजला. खाली गाडी सुरू झाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून जिन्यातलं ऊन आत येत होतं आणि खंड्या नाक त्या फटीत घालून बसला होता.

"थांब रे," तुळसाबाई म्हणाल्या. "माझी माळ पुरी होऊ दे."