दगडांच्या वाळवंटातली चंपाषष्ठी

केंटच्या दक्षिण टोकाला समुद्राच्या कडेला एक जागा आहे, तिथे मातीच नाही. नजर जाईल तिथपर्यंत नुसते गोटे, काही अंड्याएवढे, काही बटाट्याएवढे. चालायला लागलं की घोट्यापर्यंत पाय रुततो. झाड एकही नाही. तिथले लोक त्याला डेझर्ट म्हणतात. वाळवंट म्हटलं की मला ऊन आठवायचं, पण इथे असा गार वारा की कपडे वाळत घातले तर चिमट्यांसकट उडून जायचे. तिथल्या कॅराव्हॅन साइटवर, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरांच्या तळावर, आम्ही एक हिवाळा काढला. मी, हे आणि आमचं कुत्रं.

ह्यांची कॉव्हेंट्रीतली गाड्यांची फॅक्टरी बंद पडली होती. वेल्डिंगचा हात चांगला होता म्हणून समुद्राकाठच्या वीजघरात ठेकेदाराकडे काम मिळालं. सत्याऐंशी नाहीतर अठ्ठ्याऐंशी साल असेल. बाहेरून आलेले कामगार सगळे ह्या साइटवर राहायचे. उन्हाळ्यातले पाहुणे गेलेले, त्यामुळे अर्ध्या कॅराव्हॅन बंद. मला कॉव्हेंट्रीत एकटं ठेवायला हे तयार नव्हते. कुत्र्याला न्यायलाही तयार नव्हते, पण मी बॅगेच्या आधी त्यालाच गाडीत बसवलं होतं. ह्यांनी बॅग मागे टाकली आणि गाडी सुरू केली. 

कुत्रं आणलं होतं ह्यांनीच. कॉव्हेंट्रीच्या घरात एकदा पुढच्या खोलीच्या काचेतून वीट आली. दुसऱ्या महिन्यात पेटता चिंध्यांचा बोळा दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून आत पडला. तो मी पायानं विझवला, त्याचा डाग अजून तळव्याला आहे. मग हे कुणाकडून तरी पांढरं, एक कान तपकिरी असलेलं पिल्लू घेऊन आले. म्हणाले, "बाहेरच्यांसाठी आणलंय. त्याला लाडावून ठेवू नकोस."

बाहेरच्यांवर ते भुंकायचंच. पण घरात दुसरंच झालं. हे मला मारायचे. रोज नाही. कामावर कुणी काही बोललं, किंवा काम सुटलं, की मारायचे. हातानं, कधी पट्ट्यानं. कुत्रं मोठं झाल्यावर एकदा ह्यांनी हात उचलला आणि ते आमच्या दोघांच्या मधे येऊन उभं राहिलं. चावलं नाही. नुसतं घशातून गुरगुरलं आणि ह्यांच्या मनगटाकडे बघत राहिलं. ह्यांचा हात खाली आला. तेव्हापासून हात उचलला जायचा पण पडायचा नाही. माझ्या अंगावरचे वळ पहिल्यांदा पूर्ण गेले ते त्या वर्षी. म्हणून त्या कुत्र्याला काही झालं असतं तर माझं काय झालं असतं, ते मला नीट माहीत होतं.

आश्चर्य म्हणजे कुत्र्याचा ह्यांच्यावरही जीव होता. ह्यांची शिफ्ट सुटायची वेळ झाली की ते कान टवकारून बसायचं. साइटच्या मागे दलदलीची हिरवी कुरणं होती, तिथे मेंढ्या. कुरणाच्या कडेनं वीजघराकडे जाणारी वाट. मी दार उघडलं की ते त्या वाटेनं पळत जायचं आणि फाटकापाशी ह्यांना गाठायचं. हे त्याच्या डोक्यावर टपली मारायचे. माझ्या डोक्यावर त्यांनी कधी तसा हात ठेवलेला नाही.

साइट सांभाळणारी एक म्हातारी बाई होती. ओठात सिगारेट, पायात पुरुषांचे बूट. माझं इंग्रजी दुकानापुरतं, तरी ती माझ्याशी बोलायची, आणि मी हसले की समजलं असं धरायची. सगळ्यांनाच ती लव्ह म्हणायची. एकदा म्हणाली, "लव्ह, हा कुत्रा मला दे. नवरा तूच ठेव. नवरे माझ्याकडे तीन होऊन गेले, कुत्रा एकही असा नव्हता." मग कुरणाकडे बोट दाखवून तिनं मला सावध केलं. मेंढ्यांच्या मागे कुत्रं लागलं तर शेतकरी गोळी घालतो, त्याला तसा हक्क आहे, आणि तो आधी विचारत नाही. ते तिनं दोन बोटांची बंदूक करून दाखवलं, म्हणजे मला नक्की कळावं म्हणून.

मार्गशीर्ष लागला. आमचं कुलदैवत खंडोबा. आमच्या घरात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, तळी उचलतात, आणि कुत्र्याला भंडारा लावून त्याला पहिला घास देतात, कारण कुत्रं देवाचं. कॉव्हेंट्रीहून येतानाच मी बाजरीचं पीठ आणि भंडाऱ्याची डबी आणली होती. वांगी सुरकुतलेली होती, पण भाजल्यावर कुणाला कळतं? चंपाषष्ठीला सकाळी हे कामाला निघताना मी विचारलं, "अहो, तळी उचलायला लवकर याल का?"

"इथे? गोऱ्यांच्यात ओरडू काय येळकोट म्हणून?" हे म्हणाले. "हे बघ, जे करायचं ते आत कर. बाहेर काही दिसता कामा नये. आधीच कामावर आपल्या जेवणावरून करी-करी करून डोकं खातात."

मी आतच केलं. गॅसच्या शेगडीवर वांगं भाजलं तर सगळी कॅराव्हॅन धुरानं भरली, म्हणून दार जरा उघडं ठेवलं. ताटात खोबरं, सुपारी, विड्याचं पान नव्हतं म्हणून कोबीचं पान, आणि मधे भंडाऱ्याची उघडी डबी. माझ्या कपाळाला भंडारा लावला. कुत्र्याला समोर बसवलं. तळीला पाच माणसं लागतात, मी एकटीनं ताट उचललं आणि हळू आवाजात येळकोट म्हटलं. तेवढ्यात वाऱ्यानं दार धाडकन भिंतीवर आपटलं, मी दचकले, आणि डबी थेट कुत्र्याच्या तोंडावर उपडी झाली.

ते शिंकलं. तोंड, मान, छाती, सगळं पिवळं धमक. मला क्षणभर हसू आलं. देवानं स्वतःच लावून घेतला असं वाटलं. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. ह्यांची शिफ्ट सुटत आली होती आणि ह्यांनी सांगितलं होतं, बाहेर काही दिसता कामा नये.

साइटवर पाण्याचा एक नळ होता. मी कुत्र्याला तिथे नेलं आणि कपडे धुण्याचा साबण खसाखसा चोळला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे हळदीचा डाग धुतलेल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण भंडारा म्हणजे हळदच, हे त्या घाईत डोक्यात आलं नाही. माझ्यासाठी तो भंडारा होता. बघता बघता त्या पांढऱ्या केसांवर लाल ओघळ उतरले. जबडा लाल, छाती लाल.  भरपूर पाणी ओतलं असतं तर लाली उतरली असती, म्हणून मी बादली नळाखाली धरली.

तेव्हा कुरणातून बंदुकीचा बार झाला. मग दुसरा.

कॉव्हेंट्रीत वीट आली तेव्हापासून कुत्र्याला मोठा आवाज सहन व्हायचा नाही. त्यानं एक हिसडा दिला, पट्टा माझ्या साबणाच्या हातातून सटकला, आणि घाबरलं की जिकडे जायचं तिकडेच ते पळालं, ह्यांच्या वाटेनं. मी मागे धावले. त्या गोट्यांत धावता येत नाही. दोनदा पडले, गुडघे फुटले, एक चप्पल मागे राहिली. हातात साबणाची वडी तशीच होती.

फाटकापाशी पोचले तेव्हा कुरणात दोन मेंढ्या पडलेल्या दिसल्या. एकीचा गळा फाडलेला होता आणि ती अजून पाय झाडत होती. गवतावर लोकर आणि रक्त. फाटकाच्या अलीकडे हे उभे, ह्यांच्या पायाला चिकटून आमचं कुत्रं, लाल तोंडाचं. आणि समोर शेतकरी, हिरवा कोट, बंदुकीत नवीन काडतूस भरत.

"हा तुझा कुत्रा?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"येस सर," हे म्हणाले.

"बाजूला हो."

गोऱ्या माणसाचा आवाज चढायच्या आधीच ह्यांना कळायचं की तो चढणार. फॅक्टरीत इतकी वर्षं ते हेच शिकले होते. कुंपणाचा एक मोडका खांब खाली पडला होता. ह्यांनी तो उचलला. मला वाटलं कुत्र्याला वाचवायला. ह्यांनी कुत्र्याच्याच कमरेवर तो घातला.

"सॉरी सर. आय टीच हिम, सर," असं म्हणत मारत राहिले. पहिल्या फटक्याला कुत्रं ओरडलं. दुसऱ्याला मागचा पाय मोडल्याचा आवाज झाला, ओलं लाकूड मोडावं तसा. ते पळालं नाही. ह्यांच्याच पायाशी सरकत आलं, कारण बंदूकवाला माणूस समोर होता आणि कुत्र्याच्या मते हे आपले होते. हे पुन्हा मारत होते. शेतकऱ्यानं बंदूक अर्धी वर केलेली, तो सुद्धा थांबून बघत होता.

मी परपुरुषापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. चौथीत शाळेतून काढलं तेव्हापासून चार माणसांत बोलायची वेळच आली नव्हती. त्या वेळीही शब्द आले नाहीत. मी मधे जाऊन कुत्र्यावर वाकले. एक फटका माझ्या खांद्यावर बसला, मग खांब थांबला. मी फाटकापाशी साचलेल्या डबक्यात साबण बुडवला आणि माझ्या कपाळावरच्या भंडाऱ्यावर चोळला. चोळत राहिले. लाल पाणी नाकावरून ओठांवर उतरलं. मग लाल झालेलं बोट शेतकऱ्यापुढे धरलं.

"नो ब्लड," मी म्हणाले. "सोप."

तो माझ्याकडे बघत राहिला. वेडी असेन असं त्याला वाटलं असणार. ह्यांनी दात खाऊन मराठीत म्हटलं, "अगं, शोभा करू नकोस, घरी चल." मी हलले नाही. पुन्हा म्हणाले, "सोप," आणि साबणाची वडी त्याच्या पायाशी टाकली.

तो खाली बसला. कुत्र्याच्या जबड्यावर बोट फिरवून त्यानं वास घेतला. त्याचे ओठ वर करून दात बघितले. दात पांढरे होते, मधे लोकरीचा एक धागा नव्हता. त्यानं बंदूक मधून उघडून काडतूस काढलं. ह्यांच्या हातातल्या खांबाकडे बघून काहीतरी म्हणाला, ते मला समजलं नाही. ह्यांना समजलं. ह्यांनी खांब खाली टाकला.

मग तेच काडतूस पुन्हा भरून त्यानं आधी त्या पाय झाडणाऱ्या मेंढीला गोळी घातली, आणि परत येऊन कुत्र्याला आपल्या कोटात उचलून जीपमध्ये ठेवलं. माझ्यासाठी दार उघडलं. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. एका पायात चप्पल, तोंड लाल, तशीच परक्या माणसाच्या गाडीत चढून बसले. जनावरांच्या डॉक्टरकडे त्या शेतकऱ्यानंच सगळं बोलणं केलं. पाय मांडीत मोडला होता, बरगड्या तडकल्या होत्या. जगेल, डॉक्टर म्हणाले, पण पाय वाकणार नाही.

परत आले तेव्हा दिवस मावळत होता. मेंढ्या मारणारी कुत्री दुसरीच होती, पलीकडच्या कॅराव्हॅनमधल्या कामगाराची, त्यातलं एक मघाच्या बारानं मेलं होतं. ते म्हातारीनं मला दारातच सांगितलं. माझं तोंड बघून तिनं सिगारेट खाली टाकली आणि कुत्र्याला आत घ्यायला हात दिला. 

हे आत बसले होते. मी कुत्र्याला घोंगडीवर ठेवलं, तोंड धुतलं, थंड रोडगा आणि भरीत ह्यांच्यापुढे वाढलं. पहिला घास कुत्र्याच्या तोंडाशी धरला, त्यानं तो चाटला नुसता.

"मी मारलं म्हणून वाचलं ते," हे म्हणाले. "नाहीतर त्यानं तिथल्या तिथे गोळी घातली असती. मी मारायला लागलो म्हणून तो थांबला. तुला काय कळतंय?"

हे खोटं होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. शेतकरी थांबला होता हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी कुत्र्याच्या तोंडाशी दुसरा घास धरला.

"बोल की. त्याच्यापुढे तर तोंड फुटलं होतं," असं म्हणत हे उठले आणि हात उचलला.

घोंगडीत गुरगुर झाली. कुत्रं पुढच्या दोन पायांवर उठायला बघत होतं, मागचं धड ओढत. पट्ट्या बांधलेला पाय सरकत होता आणि ते कण्हत होतं, तरी ह्यांच्या मनगटाकडे बघत होतं.

"अहो," मी म्हणाले, "त्याला उठायला लावू नका."

मी मागे सरले नाही, कुत्र्याच्या आणि ह्यांच्या मधे उभी राहिले. खांदा ठणकत होता. हे माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होते.  मग खाली बसले आणि रोडगा मोडायला लागले.

वीजघराचं काम उन्हाळा लागेपर्यंत चाललं. कुत्र्याच्या पायाच्या पट्ट्या सुटल्या, ते लंगडत साइटभर हिंडायला लागलं, म्हातारीच्या दारात जाऊन बिस्किटं खायला लागलं. शिफ्ट सुटायची वेळ झाली की मी पूर्वीसारखं दार उघडायचे. ते कान टवकारायचं, पण उठायचं नाही. पायरीवरून मला ती वाट दिसायची. हे फाटकापाशी येऊन थांबायचे, एकदा शीळ घालायचे, थोडा वेळ तसेच उभे राहायचे, आणि मग एकटेच चालत यायचे.