कोळी कुठे सापडतील?

आधीच सांगते, मी प्राणिशास्त्र शिकवते. वर्गात कुणी मुंज्या-हडळीचं काढलं की "नमुना आणा, मग बोलू" म्हणून मी विषय संपवते. या सदरातले अनुभव वाचतानाही मनात तेच येतं... बाई, नमुना कुठाय? त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसताना थोडं लाजल्यासारखं होतंय. माझ्याकडे नमुना आहे. दोन आहेत. अडचण तीच आहे.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात आहे आणि माझी पीएच.डी. कोळ्यांवर — म्हणजे आठ पायांच्या. माझा कोळी बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. पाणथळीत राहतो, पाणकणसाच्या पानाचं टोक समोशासारखं तिकोनी दुमडतो आणि दिवसभर आत बसून असतो. माद्या मला ढिगाने मिळाल्या होत्या, पण नर एकही नाही. आणि जात नवी आहे हे सिद्ध करायचं तर नर लागतोच. त्याच्या तोंडाजवळचे दोन बारके अवयव बघितल्याशिवाय कुणी मान्य करत नाही. हे नर पावसाळा सरता सरता दोन-तीन आठवडे दिसतात, मग मरून जातात. सहा वर्षं ते दोन-तीन आठवडे मी कधी पिंपळनेरकडे, कधी तापीकाठी चिखल तुडवत घालवले. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. गाईडांनी स्वच्छ सांगितलं होतं, "या वर्षी नर नाही, तर प्रबंध नाही." घरी नवऱ्याने विचारायचंच सोडून दिलं होतं, आणि ते मला जास्त लागायचं.

त्या सप्टेंबरात मी आणि देविदास भाऊ चोपड्याकडून खाली तापीवर गेलो. भाऊ आमच्या लॅबचे सहायक, मूळचे पारोळ्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले. छत्री उलटी धरून वरची फांदी झोडायची आणि छत्रीत पडेल ते बाटलीत उतरवायचं, हे काम त्यांच्याइतकं स्वच्छ कुणाला जमत नाही. सातपुड्यातून येणारी एक लहान नदी तिथे तापीला मिळते. मिळताना तिचे पाच-सहा फाटे होतात. मध्ये गाळाची बेटं, बेटांवर पाणकणीस, काठाला बाभूळ-करंजाची झाडी आणि झाडीला लागून केळीचे मळे. सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत आम्हाला माद्या मिळाल्या एकोणीस, नर शून्य.

काठावर एक अक्का म्हशीसाठी गवत कापत होत्या. मी वैतागूनच विचारलं, "अक्का, इथे कोळी कुठे सापडतील?"

"कोयी?" त्यांनी विळा थांबवला. आमच्या खानदेशीत ळचा य होतो — डोळा डोया, काळा काया; आणि पाहिजे ते जोयजे. "त्या बेटना पल्याड शे ना. हाक मारा, येई तो. किती जोयजेत ते सांगी द्या."

देविदास भाऊ हसू दाबत चालत राहिले. जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "मॅडम, अक्कांना वाटलं आपल्याला मासे पाहिजेत. मासेवाला कोळी दाखवला त्यांनी." मलाही हसू आलं. हा किस्सा स्टाफरूममध्ये कसा रंगवून सांगायचा, तेसुद्धा मी तिथेच ठरवून टाकलं.

बेटाच्या कडेला गुडघाभर गाळ होता आणि पाणकणीस डोक्याच्या वर. मला चेष्टेची लहर आली. तोंडाभोवती हात धरून मी ओरडले, "ओ कोळीदादा!"

"काय जोयजे?"

आवाज पाणकणसातून आला, दहा-बारा फुटांवरून. पुरुषाचा, जरा घोगरा, हातातलं काम न सोडता विचारल्यासारखा. आम्हाला काहीच वावगं वाटलं नाही. असेल आत कुणी गळ टाकून बसलेला. मी अजून चेष्टेतच होते. "नर पाहिजे हो, नर!" देविदास भाऊ लाजून दुसरीकडे बघायला लागले.

"किती?"

"दोन द्या," मी म्हटलं. एक चिरून बघायला आणि एक अख्खा ठेवायला, इतका व्यवस्थित विचार त्या चेष्टेतही डोक्यात होता.

मग काहीच नाही. मला वाटलं, बिचारा रागावला. माफी मागावी म्हणून पानं बाजूला करत आत शिरले. आत माणूस नव्हता. होडी नव्हती, होडी तरंगेल एवढं पाणीच नव्हतं. गाळ इतका मऊ की बगळ्याची पावलं बोटासकट उमटलेली, पण माणसाचं पाऊल एकही नाही. तेवढ्यात मागून भाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, हलू नका."

माझ्या छातीच्या उंचीवर, एका पानावर, भर उन्हात दोन कोळी शेजारी शेजारी बसले होते. भिंग लावलं... नर. दोन्ही नर, पूर्ण वाढलेले. बाटली खाली धरून पानाला बोट लावलं तर आपणहून चालत आत उतरले, एकामागून एक. मी रडले. आवाजाचा विचार त्या क्षणी मनातही नव्हता. सहा वर्षं संपली एवढंच कळत होतं. भाऊंनी पुढचा तासभर ते अख्खं बेट झोडून काढलं. तिसरा नर मिळाला नाही.

परतताना अक्कांनी विचारलं, "भेटना का कोयी?"

"नुसता आवाज आला, अक्का. माणूस दिसला नाही."

"माणूस?" त्या चक्रावल्या. "माणूस कोठे शे तठे? तुम्ही कोयी इचारा ना? आठ पायना?"

"मग मासे धरणारे..."

"ते भोई. आमना गावमा मासा धरतस त्यासले भोई म्हनतस. ते बठ्ठा सुरतले गयात कवयनाच."

गावातले भोई सगळे केव्हाच सुरतेला गेलेले. म्हणजे अक्कांना माझा प्रश्न पहिल्यांदाच बरोबर कळला होता. घोटाळा आम्ही केला होता, दोघा शिकल्या-सवरल्यांनी. मला स्वतःची चांगलीच लाज वाटली. मग सरळ विचारलं, कोळ्याला हाक मारायची ही काय पद्धत?

"विळा लागना का जखमले कोयीनं जायं लावतस. मनी सासू म्हने, त्यानं घर मोडानं पहिले मांगी लेवो. किती जोयजे ते सांगो, आनि तेवढंच लेवो."

"आधी मागायचं, मग घ्यायचं... आणि तो उत्तर देतो?"

अक्कांनी विळा खाली ठेवला. "बोलस? नही वं माय. मी आठे, ह्या गावमा, नांदाले उनू तवयपासून हाक मारस. येस नुसता. बोलना नही तो कधी." मग देविदास भाऊंकडे वळून, "तुम्हीबी आयकं?"

भाऊंनी होकारार्थी मान हलवली. अक्कांनी गवत होतं तेवढंच बांधलं, अर्धा भारा, आणि घराकडे निघाल्या.

गाडीत बसल्यावर मी भाऊंना बोलू दिलं नाही. बाटलीत घालायची दोन कोरी लेबलं काढली, एक त्यांना, एक मला. जे ऐकलं ते एकमेकांना न दाखवता पेन्सिलीने लिहायचं. दोन्हींवर तेच निघालं: काय जोयजे. किती. माझ्याच हाकेचा प्रतिध्वनी असेल, हा माझा मुद्दा तिथेच संपला, कारण मी ते शब्द उच्चारलेच नव्हते. कुणीतरी लपून थट्टा केली म्हणावं, तर तो गाळावरून गेला कसा? आणि नर त्याने आणले कुठून? योगायोग म्हणता येईल. मीही म्हणून पाहिलं, पण गळी उतरत नाही.

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक फार बारकाईने वाचणारे होते. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "सहा वर्षं एकही नर नाही, आणि मग एकाच पानावर दोन. पद्धत काय बदललीत?"

मी गाईडांकडे बघितलं. मागे देविदास भाऊ चहाचे कप मांडत होते, ते थांबले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं.

"सर, स्थानिकांना विचारलं."

परीक्षक एकदम खूश. विद्यार्थ्यांनी हे शिकायला हवं म्हणाले, वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. स्थानिक म्हणजे नेमकं कोण, दोन पायांचे की आठ, हे त्यांनी विचारलं नाही.