दुसरी कुंची

“तुमच्या दोघांचं लग्नाआधीचं काही नातं आहे का?”

आमच्या लेकीच्या, ईशूच्या आजाराचं नाव सांगून झाल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला. ईशूचे बाबा सरळ म्हणाले, “हिचे वडील माझे सख्खे मामा.” आमच्याकडं हे सांगताना कुणी खाली बघत नाही. मामाची मुलगी केली की घरातलं माणूस घरातच राहतं, असं समजतात. त्या दिवशी मात्र दोघंही टेबलावरच्या रिपोर्टकडं बघत बसलो.

आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. शरीरातला जो चिकट स्राव पातळ असायला पाहिजे, तो घट्ट होतो. छातीत साठला की खोकला आणि इन्फेक्शन. पोटात अडकला की खाल्लेलं अंगी लागत नाही. हे कळलं स्वेट क्लोराइड टेस्टमुळं. या तपासणीत हातावर घाम आणून त्यात मीठ किती ते बघतात. ईशूच्या घामात ते फार होतं. दोष आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच हा आजार होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या मुलांनाही तो होतो, पण रक्ताच्या नात्यात शक्यता वाढते.

आम्ही उमरग्याला राहतो. हायवेला यांचं टायरचं दुकान आहे. ईशू वर्षाची होईस्तोवर आम्ही दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या. कुणी बाळदमा म्हणालं, कुणी निमोनिया. तिचा पापा घेतला की ओठ खारट व्हायचे, पण हे डॉक्टरला सांगायचं असतं हे कुणाला सुचणार? शी तेलकट होते म्हणून आत्यांनी तिचं तेल-तूप बंद केलं, खोकला हटत नाही म्हणून अळणी वरण सुरू केलं. जे तिला सगळ्यात जास्त हवं होतं, तेच आम्ही मायेनं तिच्या ताटातून काढून घेतलं. उन्हाळ्यात तिनं मान टाकली तेव्हा सोलापूरला नेलं, आणि तिथून पुण्याला पाठवलं. तुमचं लेकरू खारट लागत असेल आणि भरपूर खाऊनही वाळत असेल, तर पथ्य लावायच्या आधी ही तपासणी विचारा. आमचं वर्ष हातचं गेलं, ते आठवलं की अजून जीव जळतो.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या बारशाला कानात नाव सांगायचा मान त्यांचाच होता, आणि नाव सांगून झाल्या झाल्या “ही माझी सून” हेही त्यांनी तिथंच जाहीर केलं. यांना मी लग्नापर्यंत बालाजी म्हणत होते, अरेतुरे करत होते. दुसऱ्या घरांत आजार निघाला की सुनेच्या माहेराचा उद्धार होतो. आमच्यात तीही सोय नव्हती. दोघींचं माहेर एकच, सास्तूर.

आमचा दिवस नेब्युलायझरनं, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या मशीननं सुरू होतो. मग चेस्ट फिजिओथेरपी. लेकराला मांडीवर पालथं घालून, हाताचा खोलगट पंजा करून पाठ थापटायची, म्हणजे कफ सुटतो. उघड्या पाठीला ते लागतं, आणि टॉवेल टाकला तर सरकतो. आत्या तेवढ्या वेळ परसात निघून जायच्या. लेकराला बदडल्यागत वाटतं म्हणायच्या. जेवणाबरोबर अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. मीठ आणि तूप आता मोकळ्या हातानं घालतो.

ईशूच्या वेळी आत्यांनी दोन कुंच्या शिवल्या होत्या. एक तिची. दुसरी पुढच्या बाळाची, जाड अस्तराची, पाठ झाकेल अशी लांब. ती ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात घालून ठेवली होती. ईशू चार वर्षांची झाली तशी ट्रंक वरचेवर उघडू लागली. आपल्यामागं हिला कोण, असं आत्या म्हणायच्या. मलाही दुसरं मूल हवं होतं, अगदी मनापासून.

जेनेटिक कौन्सेलिंगला गेलो. तिथं आजार पुढच्या मुलात येईल का, हे समजावून सांगतात. मॅडम म्हणाल्या, “प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता आजाराची. तिसऱ्या महिन्यात सीव्हीएस करता येते, म्हणजे वारेचा बारीक तुकडा काढून तपासतात. पुढं काय करायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं.” मी मनात चारातल्या तिघांनाच धरून बसले होते.

परतीच्या गाडीत ईशू यांच्या मांडीवर झोपली होती. तिच्या छातीतली घरघर आम्हाला दोघांनाही ऐकू येत होती. हे म्हणाले, “रिपोर्ट वाईट आला तर त्या लेकराला नको म्हणायचं. मग हिला काय म्हणल्यासारखं व्हईल?”

अशी दोन लेकरं सांभाळायची ताकद आमच्यात नव्हती, आणि नको म्हणायचीही नव्हती. म्हणून आम्ही थांबलो. तपासणी करून ज्यांनी दुसरं मूल केलं, त्यांना मी चूक म्हणत नाही. आम्हाला ते पेललं नसतं, इतकंच. पण या निर्णयानं मन शांत झालं, असं खोटं लिहिणार नाही. कुणाच्या बारशाचं बोलावणं आलं की मी अजून काहीतरी निमित्त काढते.

आत्यांना हे सांगितलं. त्यानंतर त्या ट्रंकेचं नावही काढेनात. मला वाटलं, त्या रागावल्या.

पुढं एका सकाळी ईशूला पालथी घातली होती. आत्या परसात गेल्या नाहीत. त्यांच्या हातात ती कुंची होती, सगळी शिवण उसवलेली, घडी करून कडेनं टाके घातलेली, वर बांधायला दोन नाड्या. त्यांनी ती ईशूच्या पाठीवर बांधली.

“सरक माय. आज म्या थापटते,” त्या मला म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, “तुला म्याच मागून घेतलं. लई हौसेनं.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तुमचं काही चुकलं न्हाय, असं मला म्हणायचं होतं. त्या इतक्या हळू थापटत होत्या, की कफ सुटणं शक्य नव्हतं. शेवटी मलाच सांगावं लागलं, “आत्या, जरा जोरात.”

त्यांनी डोळे मिटून जोर लावला. ईशू खोकली, कफ पडला. मग मान वळवून ती नाडी ओढत म्हणाली, “आजी, हे कुणाचं हाय?”

“तुझंच हाय, माय,” आत्या म्हणाल्या.