शेगडी कितीला घेतलीत?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला ते कळलं होतं, ही गोष्ट वेगळी. आता ती नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलंही कुणी उरलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. बसा जरा, एवढंच म्हणतो.

सिगारपासून सुरुवात करतो. हसू येईल तुम्हाला. मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांत राहणारा, मूळचा कोकणातला माणूस, आणि सिगार! पण माझी नोकरीच ती होती. घाटकोपरला एक लहानशी कंपनी होती — नाव कशाला सांगू? दक्षिणेतून हातानं वळलेल्या सिगारी मागवायची, थोडा परदेशी माल कुठून कुठून मिळवायची आणि हॉटेलांना, क्लबांना विकायची. आलेला माल ओढून बघायचा आणि दहापैकी गुण द्यायचे, हे माझं काम. आम्ही तिघं होतो. खिडक्या बंद, समोर पाणी आणि बिनसाखरेचा चहा. सिगारवरची कागदी पट्टी काढलेली, किंमत झाकलेली. महाग कुठली, स्वस्त कुठली, काही कळायचं नाही.

आणि खरं सांगू? त्या खोलीत किंमत पुष्कळदा तोंडावर आपटायची. कुठल्यातरी खेड्यातून आलेली अगदी स्वस्तातली सिगार तिघांकडून नऊ-नऊ गुण घेऊन जायची, आणि शेठनी मोठ्या कौतुकानं मिळवलेली परदेशी पाचावर अडकायची. शेठ वैतागायचे. एवढी महाग वस्तू वाईट असेलच कशी, असा त्यांचा साधा हिशेब. आम्ही त्यांच्या पाठीमागे हसायचो. मी जरा जास्तच हसायचो, कारण मला माझ्या नाकाचा फार गर्व होता.

इमारतीलाही होता. तुपात डालडा मिसळलाय का, हापूस देवगडचा आहे की दुसरीकडचा, हिंग चांगला आहे का — सगळं माझ्याकडे यायचं. समोरच्या बिऱ्हाडातल्या परबमावशी तर वाण्याकडची पुडी सोडायच्या आधी माझ्या नाकाखाली धरायच्या. मावशी आमच्याच बाजूच्या, मालवणकडच्या. मला अरे-तुरे करायच्या, माझ्या आईच्या जागी होत्या. मी वास घेऊन ठीक आहे म्हटलं की मगच ती वस्तू त्यांच्या डब्यात जायची. बायको चिडवायची, तुमच्या नाकाला एक वेगळी खुर्ची ठेवू या म्हणायची.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी मला ताप आला. साधाच, सर्दी-तापाचा. आठवड्याभरात उठलो, अंघोळ केली, देवापुढे उदबत्ती लावली — आणि काहीच नाही. धूर दिसत होता. वास नव्हता. सर्दी उतरेल तसा येईल, असं म्हणत राहिलो. दिवस गेले, महिने गेले. आला नाही. अजूनही नाही.

तेव्हा बोलायला हवं होतं. ताप आला, नाक गेलं, यात लाज कसली? पण नाकावर पोट असलेल्या माणसानं हे कुणाला सांगायचं? शेठना? डॉक्टरकडे गेलो असतो तरी बातमी फुटेल अशी धास्ती. आमच्या तिघांतला एकजण दोन इमारती सोडून राहायचा. मी गप्प बसलो, आणि गप्प बसण्यात किती काम असतं ते मला तेव्हा कळलं. नाहूरच्या बाजूनं कारखान्यांचा वास आला की शेजारी खिडक्या लावायचे. ते बघून मी माझी लावायचो, वर नाकाला रुमालही धरायचो. घरी एकदा मी शेगडीशेजारी पेपर वाचत बसलेलो असताना दूध करपलं. बायको बाहेरून धावत आली, गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. त्यानंतर मात्र तिनं मला कसलाही वास विचारला नाही.

आणि कंपनीत? तिथे मी शेठना एक दिवस सुचवलं, की किंमत झाकून गुण देण्यात अर्थ नाही, किंमत माहीत असली म्हणजे माल त्या लायकीचा आहे का ते सांगता येईल. शेठ खूशच झाले. त्यांना हेच हवं होतं. त्या दिवसापासून ओढण्याआधी भाव सांगायचा, अशी पद्धत पडली. राख पांढरी आणि घट्ट राहते का, सिगार सारखी जळते का, वरचं पान तुकतुकीत आहे का, हे डोळ्यांना दिसायचं. उरलेलं सगळं भावावरून. महाग असेल तर आठ, फार महाग असेल तर नऊ, स्वस्त असेल तर सहा — आणि संशय नको म्हणून मधूनच एखादा सात.

तुम्हाला वाटेल, पकडला गेलो असेन. उलट झालं. माझे गुण आता शेठच्या मताशी जुळायला लागले, हॉटेलवाल्यांच्या मताशी जुळायला लागले. बरोबरचे दोघंही भाव ऐकून हळूहळू माझ्यासारखेच गुण द्यायला लागले, आणि त्यांची नाकं तर शाबूत होती! किंमत आधी कानावर पडली की माणसाला धुरात तेवढी चव लागते, हे मी तिथे बघितलं. शेठ म्हणाले, तुमचं नाक आता खरं तयार झालं. मला कसंसंच झालं. पण सुटल्यासारखंही वाटलं. किंमत विचारायची आणि तोंडावर गंभीर भाव आणायचा — एवढ्यात सगळं निभतंय, हे मी मनात पक्कं करून टाकलं.

आता येतो तिथे. यायचंच आहे.

त्या काळी गॅसचा नंबर लागायला वर्षं जायची. परबांचा नंबर लागला तेव्हा मावशींनी आख्ख्या मजल्याला पेढे वाटले. मुलगा विजय हौशी. त्यानं दुकानातली सगळ्यांत भारी स्टीलची शेगडी आणली, नळीही साधी नाही, नारिंगी रंगाची, जाड, महागातली. नव्या शेगडीला शोभावं म्हणून स्वयंपाकघराला ऑइलपेंटही मारून घेतला. सून सुलभा तर त्या शेगडीवर बोट उमटू द्यायची नाही. मावशींना मात्र गॅसची धडकी भरायची. जन्मभर चूल आणि स्टोव्ह. त्या बटणाला हात लावायच्या नाहीत.

रविवार होता. दुपारच्या जेवणाआधीची वेळ. विजय बाहेर गेला होता. मावशी आमच्या दारात आल्या, पदराला हात पुसत. कसलातरी वास येतोय, सून म्हणते रंगाचा आहे, मला तो गॅसचा वाटतो, तू येऊन सांग, असं म्हणाल्या. मालवणीत म्हणाल्या, "तू सांगशीत तां खरां." मी बायकोकडे पाहिलं. ती पानं वाढत होती, तिचा हात थांबला होता. वर बघितलं नाही तिनं.

मी गेलो. का गेलो? पोट दुखतंय म्हणता आलं असतं. सर्दी झालीय, एवढं एक वाक्य पुरलं असतं — खोटं का होईना, पुरलं असतं. सिलिंडरचं बटण बंद करा आणि माणूस बोलवा, हे सांगायला नाक कशाला लागतं? हे सगळं मला आज सुचतं असं नाही. तेव्हाही सुचलं होतं. पण मग ते म्हणाले असते, तुला वास येत नाही का? हा एकच प्रश्न मला टाळायचा होता.

मी त्या स्वयंपाकघरात उभा राहिलो, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. मी जो श्वास घेतला त्यात काय होतं, ते मला आजही माहीत नाही. सुलभा हसत उभी होती, सासूबाई उगीच घाबरतात असा चेहरा करून. मी डोळे उघडले. चकचकीत शेगडी दिसली, ती जाड नळी दिसली. आणि माझ्या तोंडून सवयीनं प्रश्न निघाला —

"शेगडी कितीला घेतलीत?"

सुलभानं अभिमानानं आकडा सांगितला. नळीचाही सांगितला. मी मान डोलावली. घाटकोपरच्या त्या खोलीत डोलवायचो, अगदी तशीच.

"रंगाचाच वास आहे, मावशी," मी म्हणालो. "एवढी भारी वस्तू, ती गळेल कशी?"

मावशींचा जीव भांड्यात पडला. मला दोन सोलकढीचे पेले दिले, घरी न्यायला. त्या कपडे वाळत घालायला गॅलरीत गेल्या. मी घरी येऊन पेले ठेवले आणि पाटावर बसलो. पहिला घासही घेतला नव्हता.

आवाजाचं मी सांगत नाही.

सुलभा दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. शुद्धीवर आली नाही. मावशी गॅलरीत होत्या म्हणून त्यांना काहीही झालं नाही — आणि हेच पुढे त्यांच्या विरुद्ध गेलं.

ते दिवस कसे होते तुम्हाला आठवत असेल. भडका उडून सून जळाली, अशी बातमी पेपरात सारखी असायची, आणि वाचणारा प्रत्येकजण आधी सासूचं वय बघायचा. सुलभाचे भाऊ आले, त्यांनी तक्रार दिली. शेजाऱ्यांनी सांगितलं, सासू-सुनेची कुरबुर व्हायची. कुणाच्या घरात नसते? इन्स्पेक्टरांना मावशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. गॅस गळत होता, मला वास आला होता, समोरच्याला बोलावून दाखवलंही. नळी जळून गेली होती, तिच्यात काय सापडणार? म्हणून इन्स्पेक्टर माझ्याकडे आले.

माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी जबाब घेतला. मी काय काम करतो ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे वास ओळखणं हा तुमचा धंदाच आहे. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, त्या वेळी गॅसचा वास होता का?

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिला ठाऊक होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"नव्हता," मी म्हणालो. "अजिबात नव्हता."

बस. एवढंच. सही केली. गॅस गळत नव्हता, म्हणजे तो कुणीतरी सोडला होता. मावशींना वास आला नव्हता, म्हणजे त्या खोटं बोलत होत्या. हे मी बोललो नाही, पण माझ्या एका शब्दातून हे सगळं आपोआप निघत गेलं. मावशींना घेऊन गेले तेव्हा मी खिडकी लावून घेतली. त्या रात्री बायकोनं अंथरूण स्वयंपाकघरात घातलं, आणि पुढे कायम तिथेच घालत राहिली. कंपनीत शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्या माणसाचं नाक पोलीससुद्धा मानतात.

आणखी एक आहे. तेही सांगून टाकतो. काही महिन्यांनी तळमजल्यावरच्यांनी त्यांच्या शेगडीची नळी बदलून घेतली. तीच जात, त्याच दुकानातली, नारिंगी, महागातली. मेकॅनिकनं ती हातात धरून वाकवली, तर जोडाशी लांबच लांब चिरलेली. मी तिथेच उभा होतो. तळमजल्यावरचे त्या दुकानदाराला शिव्या घालत होते, परबांच्या घराशी तिचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नाही. फक्त माझ्या आला. केस तेव्हा चालूच होती. ती नळी उचलून पोलीस चौकीत न्यायची, एवढंच काम होतं. मी ती कचऱ्याच्या पिंपात जाताना पाहिली आणि वर निघून आलो.

केस शेवटी टिकली नाही. पुरावा पुरेना, मावशी सुटल्या. पण विजयच्या मनातून त्या सुटल्या नाहीत. तो आईशी बोलत नव्हता. तिनं शिजवलेलं खात नव्हता. एक दिवस त्यानं त्यांना गावी पाठवायचं ठरवलं, कायमचं. निघायच्या दिवशी खाली टॅक्सी उभी होती, आणि मावशी माझ्या दारात आल्या. किती वाळल्या होत्या! मला वाटलं, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं —

"मधू, माका खरांच सांग. तुका वास येवक नाय?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. पोलिसांना मी काहीही सांगितलेलं असो, या दारात, आम्हा दोघांतच, मी खरं सांगेन असं त्यांना वाटत होतं. माझं नाक मेलंय मावशी, तुम्हाला आला तो वास खरा होता, एवढंच म्हणायचं होतं. खालून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, विजय बॅगा ठेवत होता. हाक मारली असती तर वर आला असता.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "नाही आला."

माझा हात सोडून त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मगे माकाच भास झालो असतलो."

आणि जिना उतरल्या. गावी त्या आणखी काही वर्षं जगल्या. येणारे-जाणारे सांगायचे, म्हातारी कुणी समोर आलं की विचारते, इथे कसला वास येतोय का रे? लोक नाही म्हणाले की मान हलवते.