सातानं गुणल्यावर
चुरमुऱ्यांच्या सुशील्याला फोडणी पडली, की मला मानवतच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. उन्हामुळं खिडक्या लावलेल्या होत्या. चुलतबहिणीला बघायला गणिताचे एक मास्तर आले होते. त्यांनी सुशील्याची बशी संपवली, ऐटीत कागदावर १४२८५७ लिहिलं आणि म्हणाले, "ही चक्रीय संख्या. दोनानं गुणा." बहिणीनं गुणलं, २८५७१४ आले. तीनानं ४२८५७१. सहापर्यंत तेच सहा अंक, नुसत्या जागा बदलून येत राहिले. "लय झाक! आपल्या सहा नातसुनाच जणू," आमचे आजोबा हसले. दारात तोंडावर पदर ओढलेल्या त्या सहाजणीही खुदखुदल्या. "आता सातानं बघते," म्हणत बहिणीनंच गुणलं, तर ९९९९९९. "यातला चार कुठं गेला, गुर्जी? दोन कुठं गेला?" तिनं हळूच विचारलं, "सात पावलं चालल्यावर माझंबी असंच होनार का?" मास्तर पुन्हा गुणाकार तपासू लागले. तेवढ्यात लाईट गेली आणि बहीण अंधारातच म्हणाली, "मला न्हाई करायचं लग्न." मास्तरांनी चाचपडत चपला शोधल्या, ते मी आज हातवारे करून सांगतो आणि लोक खदखदा हसतात. एवढंच सांगत नाही, की लाईट जायच्या आधी, बहिणीच्या प्रश्नासरशी मी घाबरून दाराकडं पाहिलं होतं, आणि त्या सहा पदरांतली माझी बायको कोणती, ते मला ओळखू आलं नव्हतं.