गॅलरीतला ब्रेक

आमच्या सासूबाईंचा दृष्ट, भुतंखेतं या सगळ्यावर फार विश्वास. पोर जरा किरकिरलं की लिंबू ओवाळून टाकायच्या. मी ते गुपचूप उचलून त्याचं सरबत करायचे आणि घरात सगळ्यांना पाजायचे! कोणाला काही झालं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे ‘आजींना वयामुळे भास होतात’ असं खाली कोणी लिहायला नको. या ग्रुपवरचे तुमचे अनुभव वाचून मी हसलेली बाई आहे... आता तुम्ही हसा.

आम्ही मूळचे पनवेलजवळच्या कोन गावचे. आता नवीन पनवेलला सेक्टरमध्ये पहिल्या मजल्यावर राहतो. मागे ग्रिलची गॅलरी, खाली पार्किंग, शेजारी शिकवणी चालते तिथल्या मुलांचे पाढे दिवसभर कानावर. भयाण असं काही नाही. गॅलरीत माझी तुळस, वॉशिंग मशीन, आणि यांचा ब्रेक.

ब्रेक म्हणजे सांगते. आमचे हे समुद्रात तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या रिगवर ड्रिलर होते. पंधरा दिवस समुद्रात, पंधरा दिवस घरी, असा सगळा संसार झाला. ड्रिलरच्या हातात एक लांब लोखंडी दांडा असायचा, तोच ब्रेक. तो जरा सैल सोडला की वरचं वजन उतरतं आणि खाली समुद्राच्या पोटात पाइपच्या टोकाची दातेरी बिट खडक कापते. फार सोडलं तर मोडतोड, धरून ठेवलं तर काम ठप्प. सगळं हातावर. हे म्हणायचे, “खाली माती हाय का दगड, ते मला तलव्यात कलतं.”

मग नवीन मशिनरी आली. आधी काचेची एसी केबिन नि खेळण्यासारखी दांडी, नंतर कॉम्प्युटरच वजन देऊ लागला आणि माणसं किनाऱ्यावरच्या ऑफिसातून नुसती बघू लागली. यांनाही तिथे बसवलं थोडे दिवस, मग ‘आता आराम करा’ म्हणून घरी. जुना ब्रेक भंगारात चालला होता, तो यांनी मागून आणला. कळंबोलीच्या फॅब्रिकेटरकडून गॅलरीच्या भिंतीत बिजागरी ठोकून घेतली आणि त्यावर बसवला. मी म्हटलं, “अहो, कोपऱ्यात उभा करा ना, कपडे वाळत कुठे घालू?” तर म्हणाले, “ब्रेक कोपऱ्यात नाय ठेवत.” त्यानंतर दिवसच्या दिवस बोलणं नाही. टीव्ही बंद, पेपर तसाच घडीचा. माणूस समोर बसलाय, पण घरात नाही... असं.

खंडेनवमीला रिगवर ब्रेकला हार घालायची यांची रीत. त्या वर्षी घरातच घातला. हळदकुंकू, झेंडूचा हार, पेढा. आमच्यात नवमीला हत्याराला विश्रांती द्यायची, हात लावायचा नाही. मी आरतीचं ताट घेऊन वळले, तर झेंडू थरथरतायत. वारा नाही, वॉशिंग मशीन बंद. सूनबाई स्वप्नाली मागे उभी, ती म्हणाली, “आई, हायवेवरून ट्रक गेला असेल.” ट्रक गेला तर तुळशीची पानं नको हलायला? मी दांड्याला हात लावला. पिठाच्या चक्कीच्या फळीवर हात ठेवावा तशी घरघर... पार खांद्यापर्यंत.

यांनी मला बाजूला केलं आणि ब्रेक धरला. त्या तोंडाकडे मी बघतच राहिले. कित्येक महिन्यांनी नवरा दिसला मला माझा!

“मऊ हाय,” म्हणाले. “चिखल. आता सोडतो जरा.”

स्वप्नाली जीभ आवरेल तर ना! “बाबा, तेल लागलं तर पहिली बाटली कढईला द्या हं.”

“तेल नाय गो, तिकडं गॅस हाय. शेगडी लाव!”

हसलो आम्ही तिघंही. पण दुपारी हे एकदम म्हणाले, “बिट गेली. दात झिजले. वर काढायला सांगा कोनीतरी.” संध्याकाळी प्रमोदचा फोन आला. प्रमोद आमचा मुलगा, त्याच रिगवर खाली पाइप जोडायच्या कामाला. सहज म्हणाला, “आज दुपारी बिट बदलायला लागली, पार गुळगुळीत झाली होती.” माझ्या हातातला फोन गार वाटला मला.

तेव्हापासून ह्यांची ड्युटी सुरू. सकाळी अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि मला म्हणे डबा भर! स्वयंपाकघर हाकेवर, तरी मी डबा भरायचे. भरणार नाही तर काय... माणूस जेवत होता, बोलत होता. उभं राहून त्या दांड्याशी गुलुगुलु बोलायचे, “आस्ते, आस्ते, घाई नको.”

प्रमोद सुट्टीवर आला तेव्हा त्याला वाटलं, बाबांचं डोकं फिरलं. मग त्याने दांड्यावर हात ठेवला... आणि काढला. रंगच उडाला पोराचा. हात शर्टाला पुसत म्हणाला, “बाबा, पण तिकडे आता केबिनमध्ये कोणी नसतं. रिकामी खुर्ची. मशीन स्वतःच चालवतं.”

“रिकामी कशी? मी हाय ना.”

“आमच्याही कामाला यंत्राचे हात येणार म्हणतात. ही विहीर झाली की आमची टीम काढणार.”

“मी ब्रेकवर असताना तुला कोन काढतो?” हे म्हणाले. इतक्या खात्रीने की मलाही खरं वाटलं. त्या दिवसापासून रजा नाही, रविवार नाही. पुतणीच्या साखरपुड्याला आपटा गावाला गेलो नाही आम्ही. दीर-जाऊ रुसले. हे एकच सांगायचे, मी सोडला तर पोराची नोकरी जाईल.

आणि मग तो दिवस. हे आत जेवायला बसले होते. मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. दांडा जरा खाली गेला. थांबला. जरा वर आला. परत खाली. अगदी हे करायचे तसाच... सावकाश. मी तिथूनच हाक मारली.

“अहो... तुम्ही इथे आहात, मग तिकडे कोणी धरलाय?”

भाताचा हात तसाच घेऊन आले. बघितलं. मग ब्रेक धरला. पण तो काही यांच्या हाताने चालेना, त्याच्या मनाने हलत राहिला आणि यांचा हात त्याच्याबरोबर वरखाली जात राहिला. यांनी दाबला. दोन्ही हातांनी दाबला. शेवटी अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळले हो, साठी उलटलेला माणूस! दांड्याला काही फरक नाही. मी पाठीमागून धरून सोडवलं त्यांना.

स्टूल ओढून बसले. हाताला भात सुकलेला. त्याच हाताकडे बघत म्हणाले, “हलका हात हाय याचा. माझ्यापेक्षा हलका.”

त्याच आठवड्यात प्रमोद बॅग घेऊन घरी आला, कायमचा. त्यांची सगळी टीम उतरवली. आता उरण रोडला कंटेनरच्या गोदामात जातो, मिळेल त्या दिवशी. बापलेक एकमेकांच्या डोळ्यात बघत नाहीत.

मी पुष्कळांना विचारलं. एका इंजिनियरने जमिनीची कंपनं म्हणून सांगितलं, चहा पिऊन गेला. फॅब्रिकेटर बिजागरी काढायला आला होता, हात लावून तसाच जिना उतरला. गावाकडचा भगत म्हणाला, आत्मा आहे. कोणाचा म्हणून विचारलं तर पिशवी उचलून निघाला. आमच्यातले जिवंत ते सगळे घरातच आहेत, आणि रिगवर मेलेलं तर आमचं कोणी नाहीच.

हे लिहितेय तेव्हाही ब्रेक मागे गॅलरीत चालू आहे. काल राहवलं नाही, यांच्या अंथरुणाशी जाऊन बसले. हल्ली दिवसाही पडून असतात. म्हटलं, “अहो, सगळा जन्म तुम्ही तो चालवलात. बंद कसा करायचा, तेवढं तरी सांगा.”

भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “मला काय विचारतेस? त्याला विचार.”